वयस्कर माणसाचा खुबा मोडला, बॉल बदलला: पुढे नेमकं काय होतं?

प्रश्न असा आहे: आई ७९ वर्षांची. न्हाणीघरात घसरून पडली, उजव्या खुब्यात मांडीच्या हाडाची मान (गोळ्याखालचा अरुंद भाग) मोडली आणि तुकडे जागचे सरकलेत. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, पण पडली त्या दिवसापर्यंत स्वतःचं सगळं स्वतः करत होती, संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन येत होती. एक सर्जन सिमेंटचा बायपोलर (फक्त गोळा बदलायचा, सिमेंटने पक्का करून) बसवू म्हणतात, दुसरे टोटल हिप (गोळा आणि वाटी दोन्ही बदलायचं). या वयात भूल झेपेल का, ती पुन्हा चालेल का आणि बसवलेला सांधा किती वर्षं टिकेल, हे मुलाला जाणून घ्यायचंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात सोपं, म्हणून ते आधी उरकतो. सांधा झिजल्यामुळे ठरवून केलेल्या टोटल हिपपैकी साधारण ५८ टक्के सांधे २५ वर्षांनंतरही जागेवर असतात, असा अंदाज २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यात मांडला गेला. ७९व्या वर्षी बसवलेला सांधा झिजून पुन्हा उघडावा लागणं क्वचितच घडतं. इम्पोर्टेड घ्यायचा का, सिरॅमिक घ्यायचा का, यावर दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाइकांचे जे तास जातात ते बहुतेक फुकट जातात. या वयात निकाल ठरतो तो पेशंट पडण्याआधी किती चालत होता, ऑपरेशन कितव्या तासाला झालं आणि पुढच्या सहा आठवड्यांत त्याला किती वेळा उभं केलं, किती खाऊ घातलं, यांवर. सांध्याची कंपनी फार मागून येते.

दुसरी एक गल्लत इथेच दूर करायला हवी. शेजारच्या काकूंचं हिप रिप्लेसमेंट झालं, त्या तिसऱ्या दिवशी जिना चढल्या, मग आपली आई का नाही? कारण काकूंचं ऑपरेशन ठरवून झालं होतं. हिमोग्लोबिन, साखर, दात, लघवी सगळं महिनाभर आधी तपासून, दुरुस्त करून त्या टेबलावर गेल्या. असं ठरवून ऑपरेशन झालेल्यांत पहिल्या तीन महिन्यांतले मृत्यू १ टक्क्याहून कमी असतात. मोडलेल्या खुब्याचा पेशंट दिवस निवडून येत नाही. बऱ्याचदा पडणं हेच एखाद्या आजाराचं लक्षण असतं: रक्तातलं सोडियम उतरलेलं, लघवीत जंतुसंसर्ग, हृदयाचे ठोके अनियमित, नाहीतर उभं राहताच दाब कोसळणारा. नाव एकच असलं तरी हे ऑपरेशन वेगळ्याच शरीरावर होतं.

म्हणून आकडे ऐकून घ्या, कटू आहेत. ब्रिटनमध्ये खुबा मोडलेल्या प्रत्येक वयस्कर रुग्णाची राष्ट्रीय नोंद ठेवतात. तिथे पहिल्या ३० दिवसांत शंभरातले सहा-सात जण दगावतात. वर्षभरात हा आकडा २० ते ३० च्या घरात जातो. ही सरासरी आहे आणि तिच्यात नव्वदीतले, अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंश झालेलेही आहेत. धोका मोजायला नॉटिंगहॅम स्कोअर वापरतात. त्यात वय, पुरुष असणं, हिमोग्लोबिन १० किंवा त्याखाली असणं, स्मरणशक्ती ढासळलेली असणं, वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणं, दोन किंवा अधिक मोठे आजार आणि कर्करोग इतक्याच गोष्टी धरतात. आई बाई आहे, घरी राहते, डोकं शाबूत आहे. वयाचे गुण तिला चुकत नाहीत, पण बाकी पारडं तिच्या बाजूचं आहे.

चालण्याचं काय? जगलेल्यांपैकी साधारण निम्मे जण पूर्वीच्या चालीला परत येतात. बाकीच्यांना ढोबळ नियम लागू होतो: एक पायरी खाली. विनाआधार चालणारा काठीवर येतो, काठीवाला वॉकरवर, वॉकरवाला घरातल्या घरात. त्यामुळे 'ती पुन्हा चालेल का' याचं प्रामाणिक उत्तर असं: घरात बहुतेक नक्की, देवळापर्यंत बहुधा काठी घेऊन, आणि ते तीन ते सहा महिन्यांनी. सुधारणा वर्षभर चालू राहते, पण मोठा वाटा पहिल्या सहा महिन्यांतच पदरात पडतो.

ऑपरेशन टाळून तीन महिने झोपवून ठेवलं तर? हाडवैद्याकडे नेऊन पट्टी बांधली तर? मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मिळतं ते मुख्यतः मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक वाहिन्यांमधून. मान मोडून तुकडे सरकले की त्या फाटतात. मग हाड जुळत नाही, किंवा जुळलं तरी गोळा मरतो आणि खचतो. वर हे हाड सांध्याच्या पिशवीच्या आत असल्यामुळे बाहेरून बांधलेल्या पट्टीचा त्याच्याशी काही संबंधच येत नाही. झोपून काढलेल्या आठवड्यांत न्यूमोनिया, पाठीवर जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या, हे ओळीने येतं. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात अतिशय जर्जर रुग्णांपैकी ज्यांनी ऑपरेशन नको म्हटलं, त्यातले ८३ टक्के ३० दिवसांत गेले. ऑपरेशन केलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होतं. पण याच अभ्यासाची दुसरी बाजूही खरी आहे. जे आधीपासूनच अंथरुणाला होते, त्यांना वेदना नीट आटोक्यात ठेवून शांतपणे जाऊ देणं हा कुटुंबाने विचारपूर्वक घेतलेला योग्य निर्णय ठरू शकतो. तुमच्या आईला तो लागू नाही.

एक तपासून घ्या: मोडलंय ते मानेतच ना? मानेच्या खाली, बाहेरच्या उंचवट्याजवळ मोडलं असेल तर तिथलं हाड सांध्याच्या पिशवीबाहेर असतं, रक्तपुरवठा भरपूर असतो आणि बॉल बदलण्याऐवजी पीएफएन नावाची सळई किंवा डीएचएसची पट्टी घालून ते जुळवतात. लोक दोन्हीला 'खुब्याचं ऑपरेशन' म्हणतात आणि मग एकाचा अनुभव दुसऱ्याला सांगत बसतात.

आता बायपोलर की टोटल. बायपोलरमध्ये मोडलेला गोळा काढून धातूचा बसवतात (त्याचा दांडा मांडीच्या हाडाच्या नळीत जातो), तो ज्यात फिरतो ती कमरेच्या हाडातली वाटी तुमची स्वतःचीच राहते. याला हाफ म्हणतात. टोटलमध्ये वाटीही बदलतात, म्हणून ऑपरेशन अर्धा-पाऊण तास लांबतं आणि रक्त थोडं जास्त जातं. यावरचा सगळ्यात मोठा अभ्यास 'हेल्थ' नावाचा, २०१९चा: १० देशांतल्या ८० केंद्रांवरचे, चालतेफिरते, पन्नाशीपुढचे १,४९५ रुग्ण. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागलं ते टोटलमध्ये ७.९ टक्क्यांना आणि हाफमध्ये ८.३ टक्क्यांना, म्हणजे जवळपास सारखंच. सांधा निखळणं किंवा अस्थिर होणं टोटलमध्ये ४.७ टक्के, हाफमध्ये २.४ टक्के. चालणं आणि दुखणं यांत टोटल थोडंसं सरस, पण रुग्णाला रोजच्या व्यवहारात जाणवेल इतकं नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेचा निकष वापरायला सोपा आहे: जो घराबाहेर एकट्याने, फार तर काठी घेऊन, चालत होता, ज्याची तब्येत मोठं ऑपरेशन झेपण्याजोगी आहे आणि जो पुढची दोन वर्षं तरी आपलं आपण करेल असं वाटतं, त्याच्या बाबतीत टोटलचा विचार करावा.

या निकषात आई बसते. म्हणजे तुमचे दोन्ही सर्जन बरोबर आहेत. फरक करायचाच तर असा करा. जो सर्जन महिन्याला अनेक टोटल हिप करतो आणि उद्या करू शकतो, त्याने टोटल करायला हरकत नाही. टोटलवाले सर्जन सोमवारी येणार म्हणून तीन दिवस थांबायचं असेल, तर आज-उद्या होणारा सिमेंटचा हाफ निःसंशय चांगला. पार्किन्सन, जुना पक्षाघात किंवा विसराळूपणा असता तर टोटलचा साधा प्रकार नकोच म्हटलं असतं. सांगितलेलं लक्षात न राहणारा पेशंट सांधा निखळवून बसतो. तिथे हाफ, किंवा ड्युअल मोबिलिटीची वाटी, जिच्यात छोटा गोळा मोठ्या गोळ्यात आणि तो वाटीत असा दुहेरी फिरतो. फ्रान्समध्ये १९७०च्या दशकात निघालेली ही कल्पना निखळण्याचं प्रमाण बरंच खाली आणते.

आणखी एक, बिलाच्या दृष्टीने उपयोगी: बायपोलरचा आतला सांधा काही काळाने बऱ्याच जणांत फिरायचा थांबतो आणि तो साध्या एकसंध गोळ्यासारखाच वागतो. आजवरच्या अभ्यासांत बायपोलर आणि एकसंध गोळा यांच्या निकालात ठोस फरक सापडलेला नाही. पैशांची ओढाताण असेल तर सिमेंटने बसवलेला एकसंध गोळा घेतल्याने आईवर अन्याय होत नाही. ऑस्टिन मूर नावाचा जुना, बिनसिमेंटचा गोळा मात्र चालत्या माणसात आता घालू नये. तो पोकळ हाडात सैल राहतो आणि मांडी ठणकत राहते.

सिमेंट का? ७९व्या वर्षी हाडाची नळी रुंद आणि भिंती पातळ झालेल्या असतात. बिनसिमेंटचा दांडा ठोकून घट्ट बसवताना ती भिंत तडकते, कधी टेबलावर, कधी पुढच्या काही महिन्यांत. २०२२ साली आलेल्या 'व्हाइट ५' या ब्रिटिश अभ्यासात १,२२५ रुग्णांमध्ये दांड्याभोवतीचं हाड मोडण्याचं प्रमाण सिमेंटमध्ये ०.५ टक्के, तर बिनसिमेंटमध्ये २.१ टक्के निघालं. चार महिन्यांनंतरची एकूण तब्येतही सिमेंटवाल्यांची सरस होती.

सिमेंटला लोक घाबरतात ते अगदीच विनाकारण नाही. त्या काही मिनिटांत काय होतं ते पाहा. मोडका गोळा स्क्रूने ओढून बाहेर काढतात आणि मोजतात. आपल्याकडच्या वयस्कर बायकांत तो बहुधा ४० ते ४४ मिलिमीटरचा निघतो. नवा गोळा मोठा घेतला तर वाटीच्या कडेवर अडकतो, लहान घेतला तर एकाच ठिकाणी टोचून वाटी खातो, म्हणून हे मोजमाप दोनदा करतात. मग मान कापून नळी किसतात, आणि दांड्याच्या टोकाच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली प्लॅस्टिकचं बूच बसवतात. नळी सलाइनच्या जोरदार फवाऱ्याने धुतात, शोषून कोरडी करतात. ४० ग्रॅम पावडर आणि २० मिली द्रव असं एक पाकीट, साधारण दोन लागतात. कालवलेलं सिमेंट मळलेल्या कणकेसारखं झालं की बंदुकीने तळापासून वर भरत आणतात आणि दांडा आत दाबतात. दाबाने नळीतली चरबी, मज्जा आणि हवा शिरांमध्ये ढकलली जाते आणि फुप्फुसात पोचते. याच क्षणी काही पेशंटचा रक्तदाब आणि ऑक्सिजन घसरतो. बहुतेकांत थोडा आणि तात्पुरता, क्वचित जिवावर बेतणारा. धुऊन चरबी काढणं, बूच लावणं, तळापासून भरणं हे सगळं यासाठीच असतं. सर्जनने 'सिमेंट घालतोय' असं मोठ्याने सांगायचं आणि भूलतज्ज्ञाने त्याआधीच सलाइन व दाब वाढवणारं औषध हाताशी ठेवायचं, ही शिस्त जिथे आहे तिथे हा धोका आवाक्यात राहतो. मग दांडा हलू न देता धरून बसायचं. सिमेंट दहा-बारा मिनिटांत दगड होतं, ऑपरेशन थिएटर गरम असेल तर त्याआधीच.

भुलेबद्दल. 'या वयात पूर्ण भूल म्हणजे संपलंच, कमरेतूनच द्या' हा समज मागे सोडायला हवा. २०२१च्या 'रीगेन' अभ्यासात १,६०० रुग्ण होते. ६० दिवसांनी मृत्यू झालेले किंवा दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय दहा फूटही चालू न शकणारे कमरेतल्या भुलेत (स्पायनल) १८.५ टक्के, पूर्ण भुलेत १८.० टक्के. गोंधळलेपणाही सारखाच. भूलतज्ज्ञाला जी नीट जमते आणि आईच्या औषधांत जी बसते, ती द्यावी. भुलेच्या प्रकारापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे दाखल होताच मांडीच्या वरच्या बाजूला द्यायचा नर्व्ह ब्लॉक. अल्ट्रासाउंडखाली ३० ते ४० मिली पातळ केलेलं बधिर करणारं औषध दिलं की कूस बदलताना किंचाळणारा पेशंट अर्ध्या तासात शांत होतो आणि ट्रॅमाडॉल हे वेदनेचं औषध कमी लागतं. पायाला वजन लावून ठेवण्याची, काही ठिकाणी अजून विटा टांगण्याची, जी पद्धत आहे तिचा मानेच्या फ्रॅक्चरमध्ये उपयोग सिद्ध झालेला नाही. टाचेला जखम मात्र होते.

आता वेळ. ब्रिटनमध्ये ३६ तासांत ऑपरेशन हे उद्दिष्ट आहे, अमेरिकी संघटना २४ ते ४८ तास म्हणते. २०२०चा 'हिप अटॅक' अभ्यास १७ देशांत झाला, त्यात भारतातली रुग्णालयंही होती आणि एकूण २,९७० रुग्ण. निदानापासून सरासरी ६ तासांत आणि २४ तासांत केलेल्या ऑपरेशनांत मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखं (९ आणि १० टक्के) निघालं. पण लवकर केलेल्यांत गोंधळलेपणा कमी, लघवीचा संसर्ग कमी आणि पेशंट लवकर उभा राहिला. अर्थ असा की मध्यरात्री धावपळ करायची गरज नाही, पण चौथा दिवस उजाडू देऊ नये.

आपल्याकडे चौथा दिवस उजाडतो तो फिटनेसच्या नावाखाली. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) मिळत नाही म्हणून एक दिवस, साखर २६० आहे म्हणून दुसरा, क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती म्हणून पुढचे पाच. इको हवा तो छातीला नळी लावल्यावर झडपेचा जोरदार आवाज येत असेल किंवा धाप लागत असेल तर, आणि तो बेडवरच वीस मिनिटांत होतो. साखर इन्सुलिनच्या ड्रिपवर काही तासांत १८०च्या आसपास आणता येते. एचबीए१सी ९ असणं हे ऑपरेशन थांबवायचं कारण नाही, तीन महिन्यांची साखर तीन दिवसांत बदलणार नाहीच. ॲस्पिरिन चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेलसाठीही थांबत नाहीत. बहुधा पूर्ण भूल देतात आणि रक्ताची सोय ठेवतात. वॉरफेरिन असेल तर व्हिटॅमिन के देऊन आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) दीडच्या खाली आणतात. अपिक्साबान, रिव्हरॉक्साबान, डाबिगॅट्रान या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांना मूत्रपिंडाच्या ताकदीनुसार एक-दोन दिवस द्यावे लागतात. थांबण्यासारखी खरी कारणं वेगळी आहेत: ताजा हार्ट अटॅक, पाण्याने भरलेली फुप्फुसं, १२०च्या वर धावणारे अनियमित ठोके, सोडियम १२०च्या खाली, पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर.

सोडियमवर थोडं थांबतो, कारण इथे सहज पकडता येणारी गोष्ट निसटते. रक्तदाबाच्या ज्या गोळीच्या नावापुढे 'एच' असतो, तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध असतं. वयस्कर बाई, कमी जेवण, वर ही गोळी: सोडियम उतरतं, तोल जातो, पडते. ऑपरेशननंतर तीच गोळी घरच्या चिठ्ठीवरून पुन्हा सुरू होते. आईच्या पाकिटावर 'एच' आहे का, हे आजच पाहा आणि फिजिशियनला दाखवा.

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री आई तुम्हाला ओळखणार नाही, सलाइन उपटेल, भिंतीवर माणसं दिसतात म्हणेल, अशी शक्यता बरीच आहे. भूल डोक्यात गेली किंवा वेड लागलं असं नव्हे. याला डिलिरियम म्हणतात आणि त्याची कारणं बहुधा साधी असतात: वेदना, तुंबलेली लघवी, चार दिवस न झालेली शौच, उतरलेलं सोडियम, ताप, ट्रॅमाडॉल, काढून ठेवलेला चष्मा आणि कानाचं यंत्र. हात बांधू नका. चष्मा घाला, दिवसा खिडकी उघडा, ओळखीचं एकच माणूस जवळ बसवा, किती वाजले, कुठे आहोत हे सांगत राहा. झोपेची गोळी देऊन गप्प केलेला पेशंट दुसऱ्या दिवशी उभा राहत नाही, आणि तिथून घसरण सुरू होते. वेदनेसाठी पॅरासिटॅमॉल ठरलेल्या वेळेला, 'दुखलं तर' असं नाही. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन या वयात, मधुमेहात मूत्रपिंडाला महागात पडतं. शौचासाठी पहिल्या दिवसापासून रात्री १५ ते ३० मिली लॅक्टुलोज.

उभं करायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. सिमेंटने बसवलेला सांधा पहिल्या दिवसापासून पूर्ण वजन घेतो. 'टाके सुकू द्या, मग बघू' हे ऐकायचं नाही. आधी पाठ टेकवून बसवा, पाच मिनिटांनी पाय खाली सोडा, चक्कर आली तर दाब मोजा. दाब ठीक असेल तर वॉकर पुढे. वॉकरची उंची हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत यावी. उंच वॉकरने खांदे वर चढतात, बुटक्याने पेशंट पुढे वाकतो. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. पहिल्या दिवशी चार पावलं पुरेत, पण दिवसातून तीनदा. पुढे जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी आली की ती उलट्या हातात, म्हणजे उजवा खुबा तर डाव्या हातात. हे निम्मे लोक चुकवतात. लघवीची नळी एक-दोन दिवसांत काढायला सांगा. आणि ते तीन गोळ्यांचं श्वासाचं खेळणं फुंकायचं नसतं, ओढायचं असतं: जागेपणी दर तासाला दहा वेळा.

खाणं हा उपचारच आहे. ५० किलोच्या बाईला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. तिच्या मूत्रपिंडाचा आजार पुढे गेलेला असेल तर आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मुगाच्या पाण्यावर आणि साबुदाण्याच्या खिरीवर ती भरत नाहीत. अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात तितकीच, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. शाकाहारी घरात दही, पनीर, दूध आणि वर प्रथिनाची पावडर असंच जुळवावं लागतं. एका वेळी जात नाही, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या. दातांची कवळी दवाखान्यात आणायला विसरू नका.

पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज पोटाच्या त्वचेखाली देतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी. एकूण चार-पाच आठवडे. डिस्चार्जच्या कागदावर ते पाच दिवसांत संपलेलं दिसलं तर विचारा. हिमोग्लोबिन ८च्या खाली गेलं किंवा धाप, छातीत दुखणं असेल तर रक्त; ९ आहे म्हणून नुसतं आकडा सुधारायला पिशवी लावत नाहीत.

घरी येण्याआधी तीन वस्तू आणा: कमोडवर बसवायची उंच सीट किंवा कमोडची खुर्ची, गुडघे खुब्यापेक्षा खालीच राहतील अशी हातांची पक्की खुर्ची, आणि पलंग खाली असेल तर पायांखाली ठोकळे. मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर तीन महिने खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही, कुशीवर झोपताना मांड्यांमध्ये उशी. खाली पडलेली जपमाळ वाकून उचलणं ही सांधा निखळायची ठरलेली वेळ. मांडी घालून पूजेला बसणं आणि भारतीय संडास तीन महिन्यांनंतरही सोडूनच द्यावं. पाटावर बसल्याशिवाय जेवण उतरत नाही म्हणणाऱ्यांशी इथे वाद घालावाच लागतो.

आता हाड. या पडण्यातून निघालेलं खरं निदान ठिसूळ हाडं हे आहे, आणि डिस्चार्ज कार्डावर नेमका त्याचाच उल्लेख नसतो. शंभरातल्या पाच ते दहा जणांचा दुसरा खुबाही पुढच्या काही वर्षांत मोडतो. झोलेड्रोनिक ॲसिड हे हाडं बळकट करणारं औषध ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदा शिरेतून दिल्याने नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले, हे २००७च्या 'होरायझन' अभ्यासात खुबा मोडलेल्या रुग्णांमध्येच दिसलं. साधारणपणे ऑपरेशननंतर दोन आठवडे जाऊ देतात. त्याआधी व्हिटॅमिन डी भरून घ्यायचं, कॅल्शियम तपासायचं, आणि क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद) ३५च्या खाली असेल तर हे औषध नाही, दुसरं निवडायचं. पहिल्या डोसनंतर दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, पॅरासिटॅमॉलने जाते. त्याच भेटीत मोतीबिंदू, झोपेच्या गोळ्या आणि रात्रीची लघवी यांचाही विषय काढा: लघवीची गोळी सकाळी, रात्री संडासच्या वाटेवर दिवा, पायात अडकणारा लांब गाऊन बंद.

सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर तुमच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या, बिलाच्या प्रतीवर नव्हे, ऑपरेशन नोटवर. २०१० साली एएसआर नावाचा धातूवर-धातू सांधा जगभरातून परत मागवला गेला, तेव्हा आपल्या शरीरात नेमकं काय आहे हे दाखवायला रुग्णांना कागदच हवे होते.

टाके किंवा पिना १२ ते १४ दिवसांनी निघतात. त्याआधी किंवा नंतर दोन गोष्टींना 'सोमवारी दाखवू' चालत नाही. वळताना किंवा उठताना कट असा आवाज, एकदम असह्य दुखणं, पाय आखूड आणि वळलेला, ही सांधा निखळल्याची खूण आहे. मालिश नाही, ओढणं नाही, काही खाऊ-पिऊ घालायचं नाही कारण भूल लागेल, थेट एक्स-रे. दुसरी म्हणजे सात-आठ दिवसांनंतरही ड्रेसिंग ओलं होणं, किंवा सुकलेल्या जखमेतून पुन्हा पाणी येणं. अशा वेळी गल्लीतल्या डॉक्टरकडून पाच दिवसांचं अँटिबायोटिक सुरू करू नका. जंतू आत राहतो, कल्चर (जंतू ओळखायची तपासणी) रिकामं येतं आणि दोन महिन्यांनी सांधाच काढायची वेळ येते. ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्यांच्याकडे त्याच दिवशी जा. ते आत जाऊन धुतील आणि कल्चरसाठी नमुने घेतील. पहिल्या काही आठवड्यांत केलं तर बऱ्याचदा दांडा जागेवर ठेवून निभावतं.